मेटल डिटेक्टरला कोणते सेल घालायचे? आठ महिने चार प्रकार वापरून झाल्यावरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सेल म्हणजे सेल, मिळतील ते चार घालायचे आणि निघायचं. जमिनीतली नाणी, धातू शोधायचं हे मशीन घेताना कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी), फ्रिक्वेन्सी, टोन सगळं वाचून काढलं होतं पण सेलबद्दल एक ओळसुद्धा नाही. आता अल्कलाइन, नेहमीचे निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल, यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टवाले लिथियम-आयन आणि एकदाच वापरून टाकायचे लिथियम असे चारही प्रकार एकाच मशीनमध्ये, एकाच कॉइलवर आणि त्याच त्या जागांवर फिरवून झालेत, आणि माझं मत पक्कं झालंय की पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलची क्षमता) आकडा बघून सेल घेऊ नका. डिटेक्टरसाठी दोन गोष्टी बघा. एक, सेलचं व्होल्टेज उतरतं कसं. दुसरी, सेल गप्प बसतो का.

दुसरी गोष्ट वाचून विचित्र वाटेल पण तिच्यापायी माझे तीन आठवडे गेले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझं मशीन चार पेन्सिल सेलवर म्हणजे एएवर चालतं. गॅरेटचं एस (ACE) २५० आणि एटी प्रो, फिशरचं एफ७५, मिनेलॅबचं व्हँक्विश ही सगळी चार एएवालीच, त्यामुळे बऱ्याच जणांना हे लागू पडेल. मिनेलॅबच्याच इक्विनॉक्ससारख्या मशीनमध्ये बॅटरी आतच असते, तुमचं तसं असेल तर खाली पिनपॉइंटरबद्दल (खड्ड्यात नेमकी वस्तू शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर) लिहिलंय तेवढंच वाचा.

तर यूएसबीवाले सेल घेतले कारण कागदावर ते सगळ्यात भारी दिसत होते. पूर्ण १.५ व्होल्ट, तेही शेवटपर्यंत, वेगळा चार्जर नको, सेलच्या पोटातच केबल लावायची. पहिल्याच सकाळी वाळूवर मशीन चालू केलं आणि ते बडबडायलाच लागलं. कॉइल हवेत स्थिर धरली तरी मध्येच एक टुक, मग दोन-तीन बारीक आवाज, स्क्रीनवरचा धातू ओळखायचा आकडा ३० वरून ८० वर, परत काहीच नाही. मला वाटलं ओली खारी वाळू आहे, होत असेल. सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तीक्ष्ण ठेवायचा ते) दोन घरं खाली आणली, थोडं कमी झालं. पुढच्या वेळी कोरड्या मोकळ्या रानात गेले तर तिथेही तेच. मग संशय विजेच्या तारांवर, मग फोनवर (फोन एअरप्लेन मोडवर टाकून पिशवीसकट लांब ठेवला), मग कॉइलच्या केबलवर, ती सोडून दांड्याला परत घट्ट गुंडाळली, कनेक्टर काढून पुसून लावला. काही फरक नाही. कॉइल गेली असं मनाशी धरून नवीन कॉइल बघायला सुद्धा लागले होते.

आमच्या डिटेक्टरवाल्या मंडळींत एक काका आहेत, खूप वर्षं हा छंद करतायत, त्यांनी माझं मशीन हातात घेतलं, पाच सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "अगं, आत सेल कुठले घातलेस?" मी सांगितलं. "काढ ते आधी." त्यांच्या पिशवीतले चार साधे अल्कलाइन घातले आणि मशीन एकदम शांत. सेन्सिटिव्हिटी परत होती तिथे नेली, तरी शांत. मला त्या क्षणी रडू यायचंच बाकी होतं, कारण तीन आठवडे मी जे बारीक खोलवरचे सिग्नल 'मशीनचीच बडबड' म्हणून सोडून दिले त्यातले काही खरे असणारच.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. लिथियम-आयन सेल मुळात ३.७ व्होल्टचा असतो. त्याला १.५ वर आणायला सेलच्या टोकाशी एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, आणि ते सर्किट सतत चालू-बंद होऊन व्होल्टेज पाडतं. त्या चालू-बंद होण्यातून विद्युत गोंगाट तयार होतो. आता डिटेक्टरचं काम काय, तर कॉइलमधून काही किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडायचं (साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झमध्ये आपली बहुतेक व्हीएलएफ म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सीवाली मशीन येतात) आणि जमिनीतल्या धातूकडून येणारा अगदी बारीकसा प्रतिसाद पकडायचा. इतक्या बारीक कानाच्या मशीनला तुम्ही गोंगाट करणाऱ्या चार सेलमधून वीज देताय. त्यातून काही सर्किटं कमी करंट लागला की थांबून थांबून चालतात, मग गोंगाटाची फ्रिक्वेन्सी खाली येते, मशीनच्या कामाच्या पट्ट्याजवळ. प्रत्येक मशीनला हा त्रास होईलच असं नाही, आमच्यातल्याच एकीच्या मशीनमध्ये हेच सेल व्यवस्थित चालतात, म्हणून घेणार असाल तर आधी कुणाचे तरी मागून घालून बघा. कॉइल हवेत धरा, सेन्सिटिव्हिटी वर न्या, दोन मिनिटं ऐका, मग अल्कलाइन घालून त्याच जागी तेच करा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

या सेलचं अजून एक आवडलं नाही. व्होल्टेज शेवटपर्यंत १.५ राहतं, त्यामुळे मशीनचा बॅटरीचा काटा शेवटच्या क्षणापर्यंत फुल दाखवतो आणि मग मशीन पटकन बंद. खड्डा उघडा, सिग्नल अर्धवट आणि हातात बंद मशीन. आणि पाकिटावर ३००० लिहिलं असेल तर जरा डोळे बारीक करून वाचा, बऱ्याचदा ते एमएएच नसून मिलिवॉट-अवर असतं. ३००० भागिले १.५, म्हणजे २००० एमएएच झाले. २००० एमएएचचा साधा रिचार्जेबल १.२ व्होल्टला २४०० मिलिवॉट-अवर देतो, म्हणजे फरक आहे पण तो आकडा बघून वाटतो तेवढा अजिबात नाही.

आता १.२ व्होल्टचा प्रश्न, जो प्रत्येक नवीन माणूस विचारतो आणि मीही विचारला होता. रिचार्जेबल १.२ चे, अल्कलाइन १.५ चे, चार सेल म्हणजे ४.८ विरुद्ध ६, मग मशीन कमी खोलवरचं पकडणार नाही का? माझ्या मशीनवर तसं नाही झालं. अल्कलाइन १.५ चा म्हणतात पण नवा कोरा असताना तो १.६ च्या आसपास असतो आणि वापरायला लागलं की उतरतच जातो, उतारावरून गाडी यावी तसा, आणि अर्धा संपेपर्यंत तोही १.२ च्या आसपास येतो. निकेलवाला चार्जरवरून काढला की १.४ ला असतो, लगेच १.२ वर येतो आणि मग बराच वेळ तिथेच टिकून राहतो, १.१ च्या खाली गेला की मात्र भराभर बसतो. मशीन अल्कलाइनचा अख्खा उतार गृहीत धरूनच बनवलेलं असतं ना, आणि आजकालच्या बहुतेक मशीनमध्ये आत रेग्युलेटर असतो, तो कॉइलला ठरलेलं व्होल्टेज देत राहतो. मी एक नाणं वितीएवढ्या खोल पुरून ठेवलंय, त्यावर पूर्ण चार्ज केलेला सेट, अर्धा उतरलेला सेट आणि नवे अल्कलाइन असं तीनदा करून बघितलं, आवाज तोच आणि आकडाही तोच. बॅटरी कमी झाल्याची खूण आल्यावर मात्र ताणत बसू नका, तिथून पुढे भरवसा नाही.

काटा मात्र फसवतो. तो अल्कलाइनच्या हिशेबाने आखलेला, त्यामुळे फुल चार्ज निकेल सेल घातले तरी थोड्याच वेळात तीन काड्या, मग दोन, आणि दोन काड्यांवर ते कितीतरी तास तसेच. सुरुवातीला मी दोन काड्या दिसल्या की सेल बदलायचे आणि मग म्हणायचे हे सेल टिकतच नाहीत. काही मशीनमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, असेल तर जरूर वापरा.

निकेलमध्येही दोन जाती आहेत हे मला उशिरा कळलं. जुन्या पद्धतीचे सेल चार्ज करून कपाटात ठेवले की आपोआप उतरतात, महिन्याभराने काढले तर बराचसा चार्ज उडालेला. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले (आता पॅनासॉनिककडे आहेत) आणि तिथून हे कमी उतरणारे सेल सगळीकडे आले, आता बऱ्याच कंपन्या बनवतात, पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' असं लिहिलेलं असतं. आपल्यासारख्यांना हेच हवेत, कारण आपण रोज थोडेच जातो, कधी दोन आठवडे मशीन कोपऱ्यात उभंच असतं. त्यातही साधा २००० वाला घ्या, २५०० वाला नको. एनेलूपच्याच बाबतीत कंपनी २००० वाल्याला २१०० वेळा चार्ज होईल म्हणते आणि २५०० वाल्याला ५०० वेळा. पाव हिश्श्याएवढ्या जास्त वेळासाठी आयुष्य एवढं कमी करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. आणि काही कंपन्यांचे जास्त क्षमतेचे सेल किंचित जाड असतात, माझ्या होल्डरमध्ये एक इतका घट्ट बसला की तो काढताना प्लॅस्टिकची पट्टी तुटायची वेळ आली होती.

चार्जरवर मात्र कंजुषी करू नका. प्रत्येक सेल वेगळा बघणारा चार्जर घ्या, जोडीने चार्ज करणारा नको. मशीनमध्ये चारही सेल ओळीत असतात, एक जरी कमी भरलेला असला तरी तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तीन त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्यात त्याचं व्होल्टेज उलटं होऊन तो कायमचा खराब होतो. म्हणून माझ्या सेलवर मार्करने अक्षरं लिहिलीयत, अ अ अ अ आणि ब ब ब ब, घेतल्याची तारीख पण. अ मधला एकही सेल रिमोटमध्ये जाणार नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

अल्कलाइन वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, मिळायला सोपे, शांत, मशीन त्यांच्यासाठीच बनलेलं. पण ते आत विसरू नका. मी पावसाळ्यात मशीन ठेवून दिलं आणि सेल आतच राहिले. काढायला गेले तर झाकण चिकटलेलं, आत एका स्प्रिंगवर पांढरट भुरभुरीत थर, मिठासारखा, खाली पट्टीवर हिरवट डाग, आणि सेलच्या शेपटाला ओल सुटलेली. ही ओल अल्कधर्मी असते, कातडीला झोंबते, हातमोजे घाला. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून टेकवलं की बारीक फेस येतो, तो येईनासा होईपर्यंत पुसत राहायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. माझी स्प्रिंग वाचली पण तिचं चकचकीत आवरण गेलं, तिला गंज धरू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. तेव्हापासून फिरून आल्यावर कॉइल पुसायच्या आधी सेल बाहेर.

एकदाच वापरायचे लिथियम महाग पडतात, त्यामुळे रोजच्याला नाही, पण राखीव म्हणून त्यांच्यासारखं काही नाही. एक सेल १५ ग्रॅमचा, अल्कलाइन २३ च्या आसपास आणि निकेलवाला त्याहून थोडा जड. चार सेल धरले तर ६० ग्रॅम विरुद्ध अल्कलाइनचे ९० च्या वर आणि निकेलचे १०० च्या वर, आणि दिवसभर हात हलवताना हे मनगटाला कळतं, निदान माझ्या मनगटाला तरी, कारण माझ्या मशीनचे सेल पुढच्या बाजूला आहेत. सेलची डबी कोपराच्या मागे असेल तर उलट जड सेलच बरे, तोल चांगला राहतो. थंडीतही हे पडत नाहीत, उणे ४० पर्यंत चालतात, आणि पडून राहिले तरी २० वर्षं टिकतात असं कंपन्या सांगतात. नवे असताना एकेक १.८ व्होल्टपर्यंत असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये चालतील असं लिहिलंय का ते बघून घ्या. आणि चुकूनही चार्जरला लावू नका. दिसायला एएसारखाच असलेला १४५०० नावाचा सेल पण मिळतो, तो ३.७ व्होल्टचा, फुल चार्जला ४.२. चार घातले तर मशीनमध्ये जवळपास १७ व्होल्ट जातील. आकार बघून घेऊ नका, व्होल्टेज वाचा.

पिनपॉइंटरची गोष्ट वेगळी. माझ्याकडचा नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो. अल्कलाइन चौकोनीत ५०० एमएएचच्या आसपास दम असतो, निकेलवाल्यात २०० च्या आगेमागे, आणि त्यातल्या सात सेलवाल्या ८.४ व्होल्टच्याच असतात. मी निकेलवाली दोन महिने वापरली, तिसऱ्या-चौथ्या वेळीच पिनपॉइंटर मंद व्हायचा, सोडून दिली. यूएसबीवाली चौकोनी घ्यायची हिंमत, पेन्सिल सेलच्या अनुभवानंतर, झालीच नाही. एक मात्र सांभाळा, या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर टाकली तर शॉर्ट होऊन तापते, अगदी चटका बसेल इतकी. मी टोकांवर चिकटपट्टी लावते. आणि जादाचे सेल पँटच्या खिशात नको, सेलचं कवच स्टीलचं असतं, खाली वाकून खड्ड्यात पिनपॉइंटर फिरवताना तोच सिग्नल देत राहतो, माझी दहा मिनिटं एकदा अशीच गेली.

तर सध्या मशीनमध्ये अ सेट, पिशवीत प्लॅस्टिकच्या डबीत ब सेट, आणि त्याच डबीच्या तळाशी चार लिथियम, जे या आठ महिन्यांत एकदाच बाहेर काढावे लागले. पिनपॉइंटर अजून अल्कलाइनवर. कुणी चौकोनी लिथियमवाली एकदाच वापरायची बॅटरी (१२०० एमएएचची येते ती) पिनपॉइंटरमध्ये बरेच दिवस वापरली असेल तर किती टिकली ते जरूर सांगा, पुढची तीच घ्यायचा विचार आहे.