लोकप्रतिनिधींना भेटायला जाण्याआधी उघडावी अशी साइट: ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांचा आमचा एक गट आहे. कर्करोग टाळण्यासाठी आणि तो झालाच तर वेळेवर उपचार मिळण्यासाठी सरकारने पैसा आणि लक्ष द्यावं, म्हणून आम्ही लोकप्रतिनिधींना भेटतो, निवेदनं देतो, अर्थसंकल्पाच्या आधी आरोग्य समितीच्या सदस्यांना गाठतो. बोलायचं काम बाकीचे करतात. हातात द्यायचा कागद मी तयार करते. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे आकडे साहजिकच माझ्या वाट्याला आले. हा कागद मी ज्या साइटवरून करते तिच्याबद्दल लिहिते आहे, कारण या कामात नव्याने उतरलेले लोक अनेकदा व्हॉट्सअॅपवर फिरणारा एखादा आकडा घेऊन जातात आणि "हे कुठून आणलंत?" एवढ्या एका प्रश्नावर गप्प होतात.

साइटचं नाव ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, ती चालवते. ही संस्था १९६५ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. मी वापरते ती आकडेवारी ग्लोबोकॅन २०२२ ची, म्हणजे याच संस्थेने काढलेल्या कर्करोगाच्या देशवार अंदाजांची: १८५ देश, कर्करोगाचे ३६ प्रकार. पैसे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. लोकप्रतिनिधीसमोर बसायचं असेल तर यापेक्षा चांगलं साधन मला मिळालेलं नाही. मात्र ते नीट समजून वापरावं लागतं, नाहीतर तेच आकडे आपल्यावर उलटतात.

सुरुवात 'कॅन्सर टुडे' या विभागापासून करावी. देश निवडा, कर्करोगाचा प्रकार निवडा, स्त्री की पुरुष ते निवडा. मग नवे रुग्ण हवेत, मृत्यू हवेत की आजार घेऊन जगणाऱ्यांची संख्या हवी, ते सांगा. नकाशा, आलेख, तक्ता, जे मागाल ते समोर येतं. वेळ कमी असेल तर थेट देशाची माहितीपत्रिका उघडावी. दोन पानांची पीडीएफ असते आणि त्या देशात कोणते कर्करोग सर्वाधिक आहेत ते एका नजरेत कळतं. मी ती नेहमी छापून पिशवीत ठेवते. मूळ कागदावर कुणी शंका घेतली की शेजारी ती ठेवायची.

जगाचा एकूण आकडा मात्र मी कागदावर कधीच घालत नाही. २०२२ मध्ये जगभर सुमारे २ कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू. ऐकणारा "फार गंभीर आहे हो" म्हणतो आणि चहा मागवतो. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे आपण काही करू शकतो असं त्याला वाटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातात काय आहे ते आकड्यातून दिसलं पाहिजे.

माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची आकड्यांची जोडी स्तनाच्या कर्करोगाची आहे. आयएआरसीने याच आकडेवारीतून ती काढलेली आहे. मानवी विकास निर्देशांकात (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांची क्रमवारी लावणारं माप) सर्वात वरच्या गटातल्या देशांत दर १२ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी या आजाराचं निदान होतं आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. सर्वात खालच्या गटातल्या देशांत निदान २७ पैकी एकीला होतं, पण मृत्यू ४८ पैकी एकीचा. पुन्हा वाचा. जिथे आजार होणाऱ्या बायकांचं प्रमाण वरच्या गटाच्या निम्म्याहूनही कमी आहे तिथे मरणाऱ्या जास्त आहेत. आजार तोच, शरीरं तशीच. मधे फरक पडतो तो निदान किती उशिरा झालं आणि उपचार परवडले का, पोहोचले का, याचा. माझ्या वहिनीला गाठ स्वतःच्या हाताला लागली होती. बायोप्सीची तारीख, मग रिपोर्ट, मग दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी, मग तिथली रांग, यात महिने गेले आणि तोवर आजार यकृतापर्यंत पोहोचला होता. तिची गोष्ट मी भेटीत सांगते तेव्हा समोरच्याला वाईट वाटतं. ही जोडी सांगते तेव्हा तो विचारतो, "मग करायचं काय?" मला दोन्ही लागतात, पण भेट पुढे सरकते ती दुसऱ्याने.

आता वयप्रमाणित दराबद्दल, कारण बहुतेक जण हा रकाना ओलांडून पुढे जातात. एका भेटीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "कर्करोग हा म्हातारपणाचा आजार. लोक जास्त जगायला लागले, म्हणून वाढला. त्याला सरकार काय करणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. वय वाढलं की धोका वाढतोच, आणि जपानसारख्या वृद्धांच्या देशात साधा दर त्यामुळे खूप वर दिसतो. वयप्रमाणित दर काढताना सगळ्या देशांची वयोरचना एकच आहे असं धरतात. म्हणजे म्हातारपणाचा भाग बाजूला निघतो आणि उरलेला फरक दिसतो. मी त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जगाचा नकाशा दाखवला, वयप्रमाणित दराचा. ऑस्ट्रेलिया फिकट, आफ्रिकेचा दक्षिण आणि पूर्व भाग गडद. वयाचा हिशेब तर आधीच वजा झाला होता. त्यांच्या स्वीय सहायकाने पेन्सिल काढून ऑस्ट्रेलियाभोवती गोल केला आणि विचारलं, "यांनी काय केलं?"

त्याचं उत्तर साइटवर नाही, ते आपल्याला तयार ठेवावं लागतं. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, २००७ मध्ये मुलींना एचपीव्ही या विषाणूवरची लस सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात केली आणि २०१७ पासून तपासणीसाठी एचपीव्ही चाचणी वापरली. जगभरात या कर्करोगाने २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या, आणि त्याचं कारण हाच विषाणू आहे, ज्यावर लस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये लक्ष्य ठरवून दिलं: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के बायकांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी चांगल्या प्रतीची तपासणी, आणि आजार आढळलेल्या ९० टक्के जणींना उपचार. दर १ लाख बायकांमागे वर्षाला ४ पेक्षा कमी नवे रुग्ण झाले की हा कर्करोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं मानायचं. साइटवरचा आपल्या देशाचा दर आणि हा ४ चा आकडा मी शेजारी शेजारी छापते. डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक डोसही चालेल अशी मुभा संघटनेने दिली, तेही त्याच ओळीखाली. खर्चाचा मुद्दा काढणाऱ्याला लगेच वाचायला मिळतं.

'कॅन्सर टुमॉरो' विभागात पुढच्या वर्षांचा अंदाज मिळतो. २०५० मध्ये जगात साडेतीन कोटींहून जास्त नवे रुग्ण, २०२२ पेक्षा ७७ टक्के अधिक. हा आलेख बघणाऱ्याला हमखास थबकवतो. पण तो दाखवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: आजचे दर तसेच राहिले आणि लोकसंख्या वाढून म्हातारी होत गेली, तर काय होईल, याचा तो हिशेब आहे. भविष्यवाणी म्हणून मांडलात तर एखादा जाणकार अधिकारी तुम्हाला तिथेच अडवेल. 'कॅन्सर कॉजेस' विभाग संसर्ग, दारू, लठ्ठपणा यांमुळे किती कर्करोग होतात ते दाखवतो. दारूचा २०२० चा जागतिक अंदाज सुमारे ७ लाख ४१ हजार नव्या रुग्णांचा आहे, आणि अनेकांना दारू आणि कर्करोग यांचा संबंध तिथेच पहिल्यांदा कळतो. तंबाखूसाठी मी वेगळा कागद करते. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यावर सर्वात वर असते.

उणिवाही आहेत आणि त्या मोठ्या आहेत. आकडे देशपातळीचे आहेत. "माझ्या मतदारसंघात किती?" हा प्रत्येक लोकप्रतिनिधीचा पहिला प्रश्न, आणि त्याला इथे उत्तर नाही. निदान कोणत्या टप्प्यावर झालं हे 'कॅन्सर टुडे' सांगत नाही. उपचाराची पोच मांडायची तर नेमकं तेच हवं असतं. वेगवेगळ्या सालांच्या ग्लोबोकॅनची तुलना करून "इतके वाढले" असं म्हणू नये, कारण दर वेळी माहितीचे स्रोत आणि पद्धती बदलतात. काळानुसार बदल बघायचा तर 'कॅन्सर ओव्हर टाइम' हा वेगळा विभाग आहे, पण तिथे मोजकेच देश आहेत.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. ज्या देशात कर्करोगाची चांगली नोंदणी आहे तिथला अंदाज भक्कम असतो. जिथे ती तुटपुंजी आहे तिथे देशाच्या एखाद्या भागातल्या नोंदीवरून, आणि अजिबात नसेल तर शेजारच्या देशांच्या दरांवरून आकडा काढलेला असतो. पद्धतीच्या पानावर प्रत्येक देशासाठी काय केलं ते लिहिलेलं आहे. ते पान वाचल्याशिवाय भेटीला जाऊ नका. "हे तर अंदाज आहेत" असा आक्षेप येणारच.

तो आला की आमच्यातल्या कुणीही वाद घालत नाही. "बरोबर आहे, अंदाजच आहेत. आपल्याकडे मोजणारी नोंदणी पुरेशी नाही म्हणून," असं म्हणून आम्ही कागद उलटतो. मागच्या बाजूला मागण्या छापलेल्या असतात: लस, तपासणी, निदानापासून उपचारापर्यंतच्या दिवसांना मर्यादा, आणि चौथी, लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीसाठी (म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या रुग्णांची नोंद ठेवण्यासाठी) स्वतंत्र तरतूद, प्रशिक्षित नोंदणी कर्मचारी आणि प्रत्येक रुग्णालयाला माहिती देणं बंधनकारक. बाकीच्या तीन मागण्यांवर "बघू" असं उत्तर मिळतं. या चौथीवर मात्र आक्षेप घेणाराच अनेकदा विचारतो की याला खर्च किती येईल, म्हणून आता त्याच्या अंदाजपत्रकाचं एक पान मी सोबत जोडू लागले आहे.