ग्वाल्हेरला अर्धाच दिवस आहे: किल्ला की जयविलास?

आग्रा-दिल्लीच्या सहलीत ग्वाल्हेरच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवसच येतो. मराठी माणसाचा कल तर आधीच ठरलेला असतो: शिंद्यांचा राजवाडा, म्हणजे जयविलास. पहिल्या खेपेला मीही तेच केलं आणि किल्ला रिक्षातून मान वर करून पाहिला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चूक कळली.

आधी एक गैरसमज. जयविलासात आपण मनात महादजींना घेऊन जातो, पण ते १७९४ मध्ये आपल्या पुण्याच्या वानवडीत वारले. त्यांची छत्रीही तिथेच आहे. राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आली ती त्यांचे वारस दौलतराव यांच्या काळात. दौलतरावांच्या फौजेचा तळ पडला तो भाग आजही 'लष्कर' म्हणूनच ओळखला जातो. राजवाडा बांधला जयाजीरावांनी, १८७४ मध्ये, मायकल फिलोज यांच्या आराखड्यानुसार. त्यात वाडा असा कुठे नाहीच, सगळा थाट युरोपी आहे. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छताला ती पेलतील का हे पाहायला म्हणे आधी आठ हत्ती वर चढवले होते. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, पाहुण्यांपर्यंत मद्य आणि सिगार पोचवणारी. मुलं तिथून हलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही हललो नाही. राजवाड्याचा काही भाग संग्रहालय आहे, उरलेल्यात घराणं राहतं. मराठ्यांच्या इतिहासाचं वेगळं दालनही आता आहे. पण बाकी दालनं पालख्या, बग्ग्या, काचसामान, फर्निचर अशी एकामागून एक येत राहतात आणि दीड तासाने डोळे दमतात.

किल्ल्यावर तसं होत नाही, कारण तिथे दर पाव तासाला शतक बदलतं. तेली का मंदिर आठव्या-नवव्या शतकातलं, सास-बहू मंदिर १०९३ मधलं, मानमंदिर पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावरचं. राजा मानसिंह तोमराच्या या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांची बदकं, हत्ती आणि केळीची झाडं आहेत. इतका खेळकर राजमहाल मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच महालाच्या तळघरात मात्र अंगावर काटा येतो, कारण मोगलांनी किल्ला तुरुंग म्हणून वापरला. औरंगजेबाने आपल्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवून मारलं.

किल्ला निवडलात तर पुढचा प्रश्न वाटेचा, आणि तिथेच बरेच जण फसतात. गाडी वर जाते ती पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती दिसतात. गुडघे दुखत असतील, बरोबर आई-वडील असतील तर हीच वाट घ्या. पायी चढायची वाट पूर्वेची, ग्वाल्हेर दरवाजातून. चढण दमवते, पण पायथ्याशी गुजरी महाल लागतो. मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधलेल्या या महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाशी उभ्या स्त्रीची प्रसिद्ध दगडी मूर्ती, तिथेच आहे. नेहमीच्या दालनात ती नसते, कुलपात असते, तेव्हा मुद्दाम विचारून बघा. पुढे चढावर चतुर्भुज मंदिर लागतं, एका खोलीएवढं. त्यातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे, शून्याच्या फार जुन्या कोरीव नोंदींपैकी एक. गाडीने गेलेल्यांचं हे सगळं राहून जातं. जमत असेल तर पूर्वेने चढा, उरवाईने उतरा.

आता माझं मत. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर किल्ला, तोही उन्हं चढण्यापूर्वी. मे महिन्यात मात्र दुपारी वर जाण्याचा विचारही करू नका, त्या दिवसांत राजवाड्याची सावलीच बरी. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास: सकाळी धुकं असतं, गाड्याही रखडतात, म्हणून परतीच्या गाडीला दोन-तीन तास हातचे ठेवा. पूर्ण दिवस असेल तर सकाळी किल्ला, दुपारी राजवाडा. हा क्रम सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. १८५८ नंतर किल्ल्यावर इंग्रजांची फौज बसली होती आणि तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात. म्हणजे जयविलास उभा राहिला तेव्हा डोक्यावरच्या किल्ल्यात गोरी शिबंदी होती. वरून शहर पाहून आल्यावर ती झुंबरं नुसती श्रीमंतीची वाटत नाहीत, त्यांच्याखाली कुणाला बसवून खूश करायचं होतं तेही दिसू लागतं.

राजवाड्याहून फूलबाग जवळच आहे. राणी लक्ष्मीबाईंची समाधी तिथे आहे. १८५८ च्या जूनमध्ये त्या ग्वाल्हेरलाच लढताना पडल्या, आणि जयाजीराव तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते. तिथे थांबायला तिकीट नाही, वीस मिनिटं पुरतात. राजवाड्याचा आणि गुजरी महालाचा सुटीचा वार मात्र निघण्याआधी बघून घ्या, सोमवारी गुजरी महालाला कुलूप असतं.