अकेडियन घराण्याचं मूळ शोधताना: शिरगणती, चर्चच्या वह्या की डीएनए?

आमची सून कॅनडातल्या मॉन्क्टनची, माहेरचं आडनाव लेब्लां. नातवाच्या बारशाला दोन्हीकडची वंशावळ भिंतीवर लावायची टूम निघाली आणि तिच्या बाजूचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त माणूस, दुसरं काय! सतराव्या शतकात फ्रान्समधून हल्लीच्या नोव्हा स्कोशियात येऊन राहिलेल्या, म्हणजे अकेडियन घराण्यांपैकी हे एक. अशा घराण्याचा माग काढायला बसणार असाल, तर कुठल्या वाटेने किती दूर जाता येतं ते सांगतो.

सगळ्यात पटकन हाती लागते ती १६७१ची शिरगणती. लोराँ मोलां या पाद्र्याने पोर्ट-रॉयल या तिथल्या अकेडियन वसाहतीत घरोघर जाऊन ती लिहिली. आमचा मूळपुरुष डॅनियल लेब्लां तिथे लगेच सापडला: वय ४५, बायको फ्रांस्वाज गोदे, वय ४८, मुलंबाळं, १८ गुरं, २६ मेंढ्या. बायकांची नावं माहेरच्या आडनावाने लिहिलेली. लग्नात नावासकट आडनाव बदललेल्या आपल्या आज्या-पणज्या शोधून दमलेल्या माणसाला याचं मोल कळेल. पण माहिती सांगणाऱ्याच्या मर्जीवर. पिंपं बनवणाऱ्या पिएर लानूला वय विचारलं, तर म्हणाला, माझं बरं चाललंय, वय सांगणार नाही. एत्येन रोबिशो तर घराबाहेरच निघून गेला आणि गुराढोरांचा हिशेब देणार नाही, हा निरोप बायकोकरवी दिला. शिवाय एका शिरगणतीतलं वय पुढच्या शिरगणतीशी जुळेलच असं नाही, आणि माणूस फ्रान्समधल्या कुठल्या गावचा, बाप कोण, हे यात नसतंच.

खरा ऐवज बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी असलेल्या चर्चच्या वह्यांत आहे. पोर्ट-रॉयलच्या १७०२ ते १७५५च्या वह्या नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने स्कॅन करून ऑनलाइन फुकट ठेवल्यात. अक्षर किचकट, फ्रेंच जुनं, पण मजकूर ठरावीक साच्याचा असल्याने आठवडाभरात नजर सरावते. ग्राँ-प्रे या दुसऱ्या अकेडियन गावच्या वह्यांची गोष्ट निराळी. १७५५मध्ये इंग्रजांनी अकेडियन लोकांना हाकलायला सुरुवात केली, तेव्हा हाकलल्या गेलेल्या लोकांनी या वह्या सोबत नेल्या. आज त्या लुइझियानात, बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. बऱ्याच गावांच्या वह्या मात्र त्या धामधुमीत गेल्या.

या वह्यांत माझ्या मते सगळ्यात कामाची नोंद लग्नाची. वधूवर नात्यातले असतील तर चर्चची सूट घ्यावी लागे, आणि नातं कितव्या पायरीचं तेही पाद्री लिहून ठेवी. ‘तिसरी पायरी’ म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. आता चारपैकी तीन पणजोबांची घराणी ठाऊक असतील, तर चौथं कुठलं असावं हे बरेचदा वजाबाकीने काढता येतं. शिरगणती सुरू होण्याआधीच्या पिढीतली कितीतरी भावंडं अशीच जुळवली गेली आहेत. वंशावळींचे अभ्यासक स्टीफन व्हाइट यांचा अकेडियन घराण्यांचा १९९९चा दोन खंडांचा कोश अशाच बारकाव्यांवर उभा आहे. बोना आर्सेनो यांची जुनी पुस्तकं वाचायला सोपी, पण त्यांत चुका बऱ्याच. तिथलं नाव मूळ नोंदीशी पडताळल्याशिवाय घेऊ नका. डॅनियल फ्रान्समधल्या मार्तेझेचा, असंही ठिकठिकाणी लिहिलेलं दिसेल. त्याच्या जन्माची नोंद सापडलेली नाही, त्यामुळे आमच्या भिंतीवर ते गाव नाही.

डीएनएच्या जाहिराती भुरळ पाडतात. साध्या कौटुंबिक चाचणीवर मात्र मी पैसे घालणार नाही. मोजक्या घराण्यांची पिढ्यानपिढ्या आपापसात लग्नं झाल्याने सगळेच एकमेकांचे जवळचे नातेवाईक दिसतात, प्रत्यक्षात नातं सात-आठ पिढ्या मागचं असतं. नेमका एकच प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. १६४१च्या सुमारास जन्मलेला जर्मेन दूसे हा त्याच नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याचा मुलगा मानला जाई. त्याच्या पुरुषवंशजांच्या, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी झाली आणि ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या गटातलं निघालं. उलट रादगोंद लांबेर या बाईला मूळ रहिवासी म्हणणाऱ्यांना आईकडून लेकीकडे जाणाऱ्या डीएनएच्या, तिच्या लेकींच्या वंशातल्या चाचणीने युरोपीय गट दाखवला. कागदावर हे कधीच सुटलं नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शिरगणती, मग वह्या आणि व्हाइटचा कोश, आणि एखादी गाठ उरलीच तर तेवढ्यापुरती चाचणी. वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असतं, तेव्हा लेब्लां घराण्यासाठी सुनेचा नमुना चालत नाही, तिच्या वडिलांचा किंवा भावाचा लागतो. भावाला फोन करून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “काका, माझं बरं चाललंय.”