पावसाळा काढलेला फ्यूज होल्डर आणि फोर गेज वायर: वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीला गाडीतल्या गाण्यांसाठी फोर चॅनल अॅम्प (स्पीकरना पॉवर देणारा अॅम्प्लिफायर) आणि सबसाठी, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरसाठी, वेगळा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अॅम्प) बसवला, सोबत एएनएल फ्यूज होल्डर (जास्त करंटच्या पट्टीसारख्या फ्यूजची डबी), अस्सल तांब्याची फोर गेज (जाडीचं माप) वायर आणि डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, जो एका वायरचे दोन फाटे करतो. आवाजाबद्दल सगळेच लिहितात, मी फक्त वायर आणि फ्यूजबद्दल लिहितोय, कारण आमच्या फोंड्याकडे लोक सबवर हात सैल सोडतात आणि वायर मात्र सगळ्यात स्वस्तातली घेतात.

आधी फ्यूज किती अँपिअरचा ते. माझा मोनो ६०० वॅट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर), क्लास डी (कमी पॉवर वाया घालवणारा प्रकार), म्हणजे बॅटरीकडून साधारण ७५० वॅट ओढणार, १३.८ व्होल्टला ते झाले ५५ अँपिअरच्या आसपास. फोर चॅनल ३०० वॅटचा पण क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार), त्याची निम्मी पॉवर उष्णतेतच जाते, म्हणून तो एकटाच चाळीसेक खातो. मिळून शंभराच्या आत. पण १०० चा फ्यूज टाकला तो या बेरजेमुळे नाही, फोर गेजची वायर तेवढं आरामात झेलते म्हणून. मेन फ्यूज वायरला वाचवायला असतो, अॅम्पचे फ्यूज अॅम्पवर असतातच. सीटच्या रेलखाली वायर सोलली आणि पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि कार्पेटखाली वायरच पेटते. म्हणून होल्डर बॅटरीपासून १८ इंचाच्या आत हवा, डिकीत लावला तर मधली सगळी वायर उघड्यावरच. मागे वायर बारीक झाली की तिथे परत फ्यूज, माझ्याकडे मोनोला ६०, फोर चॅनलला ४०.

एका दुकानदाराने १५० चा टाक, उडायची कटकट नको असं सांगितलं होतं. चांगला माणूस आहे, पण नाही. आणि वायर घेताना टोक ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे, तिला फ्यूजही लहानच लागतो. जाड रबर बघून फसू नका.

आता खरी गोष्ट. वर्षभरात फ्यूज एकदाही उडाला नाही, त्रास दिला तो होल्डरने. जूनपासून चार महिने आपल्याकडची दमट हवा, बोनेट उघडलं की सगळं घामेजलेलं. सप्टेंबरात गाणी लावून अर्ध्या तासाने होल्डरला हात लावला तर चटका बसेल इतका गरम. मल्टिमीटर होल्डरच्या दोन्ही टोकांना लावला, बेस वाजताना ०.३ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे तेवढं व्होल्टेज होल्डरमध्येच वाया. आकडा किरकोळ वाटतो, पण ८० अँपिअरला ते २४ वॅट, म्हणजे प्लास्टिकच्या डबीत एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. अशा वेळी फ्यूज काही उडत नाही बरं का, करंट वाढलेलाच नसतो, नुसती डबी वितळते. उघडून बघितलं तर फ्यूजच्या पात्यांवर हिरवट थर आणि वायर दाबणारा स्क्रू पाऊण फेरा ढिला. तांब्याचे तंतू दाबून दाबून बसतात, मग स्क्रू सैल पडतो. पाती पॉलिश पेपरने साफ केली, वायरच्या टोकाला टिनचा मुलामा असलेलं फेरूल (तंतू एकत्र धरणारी धातूची नळी) दाबून बसवलं, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत जाऊ न देणारं, वीज न वाहणारं ग्रीस). ड्रॉप ०.०५ च्या खाली आला, होल्डर कोमट. डिकीतलं अर्थिंगही (वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा) तेव्हाच उघडलं, पेंट खरवडलेल्या जागी गंज धरायला लागला होता, घासून थिंबल (वायरच्या टोकाची भोक असलेली कडी) परत आवळलं आणि वरून रंग मारला.

वायरला पूर्ण मार्क, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाते तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाची कडा झाकणारी रिंग) आहे, साधा ओरखडाही नाही. होल्डरला निम्मेच, झाकणाला रबरी सील नाही आणि किनारपट्टीला ते हवंच. पुढच्या वेळी सीलवाला आणि स्क्रूऐवजी थिंबल आवळायचे बोल्ट असलेला घेणार. डिकीत दुसरी बॅटरी टाकायचा विचार चाललाय, तेव्हा त्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागेल, कारण मग करंट दोन्हीकडून येतो.