'प्ले' उघडून पारखलेली डिक्शनरी

ट्रॅक्टर, पंप, पॉवर टिलर यांची माहितीपुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' माझ्या टेबलावर शोभेला नाही, रोज राबायला आहे. डिक्शनरी पारखायला लोक अवघड शब्द काढतात. त्यात काही अर्थ नाही. अवघड शब्दाचा बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठेही मिळतो. मी 'प्ले' काढून बघते.

साध्या इंग्रजी-मराठी कोशात हा शब्द एका ओळीत उरकलेला असतो: खेळणे, वाजवणे, नाटक, क्रीडा, झालं. क्लचच्या पेडलला 'फ्री प्ले' किती मिलिमीटर ठेवावा, असं वाक्य समोर आलं की यातलं एकही कामाला येत नाही. ऑक्सफर्डमध्ये अर्थांच्या माथ्यावर छोट्या पाट्या लावल्यात: मुलं, सामने, संगीत, अभिनय, हसू, प्रकाश, कारंजं. पाट्यांवरून नजर फिरवायची आणि हवं तिथे थांबायचं. नामाच्या भागात दोरीची एक पाटी आहे, तिच्याखाली माझं पेडल सापडतं. सैल दोरीला हलायला जेवढी मोकळीक, तेवढा तिचा प्ले.

अर्थ मिळाला, पण मराठी शब्द कोण देणार? हा कोश इंग्रजीतून इंग्रजीत आहे. शब्द गॅरेजमधून आणावा लागतो आणि गॅरेजमध्ये 'प्ले'च म्हणतात. "ताई, स्टेअरिंगला प्ले आलाय, काढून घ्या." म्हणून मीही तोच लिहिते. मसुदा तपासणाऱ्या एका साहेबांनी त्याजागी 'मुक्त क्रीडा' केलं होतं. क्लचची मुक्त क्रीडा! शेतकऱ्याने पुस्तक मिटून ठेवलं असतं.

तयार प्रतिशब्द नसण्याचा एक फायदाही होतो. व्याख्या सोप्या इंग्रजीत, निवडक तीनेक हजार शब्दांत बसवलेल्या असतात. त्या वाचल्या की डोकं आपोआप मराठीत शोधायला लागतं. हसू 'प्ले' करतं ते तर आपल्याकडेही ओठांवर खेळतंच. कारंजं मात्र मराठीत उडतं आणि पेटी वाजते. उलट हवा खेळती ठेवा, धंद्याला खेळतं भांडवल लागतं, वाफ्यात पाणी खेळवलं, हे आपलं भांडार आहेच; इंग्रजी कोशाकडून त्याची अपेक्षा करायची नाही.

हा कोश मुळात परक्यांसाठीच घडला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 साली, ऐन युद्धात, टोकियोत छापला गेला आणि ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये आपल्या नावाने काढला. म्हणून अर्थाइतकाच भर वापरावर आहे. खेळाच्या नावाआधी 'द' लावायचा नाही, वाद्याच्या नावाआधी बहुधा लावायचा, हे उदाहरणं वाचता वाचताच मुरतं. आपल्याकडे पदवीधरसुद्धा 'प्ले द क्रिकेट' लिहून मोकळे होतात.

क्रिकेटवरून आठवलं. पहिला चेंडू पडण्याआधी अंपायर जे 'प्ले' म्हणतो ते नियमातच आहे आणि खेळ थांबताना 'टाइम' म्हणायचं तेही. पण या बारकाव्यांसाठी हा कोश नाही, नियमांचं पुस्तक बघावं. शब्दाच्या इतिहासासाठीही छापील प्रत घेऊ नका, त्यासाठी दुसरे ग्रंथ आहेत. जुन्या इंग्रजी काव्यात लढाईला 'तलवारींचा प्ले' अशा अर्थाचा जोडशब्द येतो. आपणही दांडपट्टा खेळतो म्हणतोच, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. पण वाचायला मजा आली.

तक्रारी? अक्षर बारीक, कागद पातळ, पुढच्या पानावरचा मजकूर आरपार दिसतो. चाळिशीचा चष्मा असेल तर दिव्याखालीच बसा. वजन असं की आडवं पडून वाचायची सोय नाही. संकेतस्थळ फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकू येतात, पण जाहिराती मध्ये मध्ये लुडबुडतात. एकच शब्द बघायचा तर मी मोबाइल घेते. 'प्ले'सारखा पसरलेला शब्द मात्र कागदावरच बघावा, सगळ्या पाट्या एका नजरेत येतात.

दहावी आवृत्ती 2020 ची आहे. नवी कोरीच हवी असा हट्ट नसेल तर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती विचारून बघा. फक्त घेण्याआधी 'पी'ची पानं शाबूत आहेत का ते चाळा.