मूकपटकालीन कार्टूनच्या डिस्क : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दहा महिन्यांत मी मूकपटांच्या काळातील कार्टूनच्या अकरा डिस्क जमवल्या आणि त्यांतील बहुतेक तीन-चार वेळा, काही तर त्याहूनही कितीतरी अधिक वेळा पाहिल्या. हा अभिप्राय खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर तो फार वेगळा झाला असता, कारण पहिल्यांदा पाहताना डोळा स्वच्छतेवर भाळतो. पडद्यावर ओरखडा नाही, धूळ नाही, चित्र जागचे हलत नाही, म्हणजे जीर्णोद्धार उत्तम झाला असे वाटते. प्रत्यक्षात जी डिस्क मला पहिल्या दिवशी सर्वांत स्वच्छ दिसली होती ती महिन्याभरात कपाटाच्या मागच्या ओळीत गेली, आणि जिच्यात आजही ओरखडे दिसतात ती आठवड्यातून एकदा तरी लावली जाते. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रेघ पाहणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या डिस्कचे मोल मी रेघेवरूनच करते.

सर्वाधिक वेळा पाहिलेली डिस्क म्हणजे अमेरिकेतील माइलस्टोन या प्रकाशकांनी २००४ साली काढलेली ‘विन्सर मॅके : द मास्टर एडिशन’. मॅके हा वर्तमानपत्रात चित्रमालिका काढणारा चित्रकार. त्याच्या कामापैकी ‘लिटल नेमो’ (१९११), ‘हाऊ अ मॉस्किटो ऑपरेट्स’ (१९१२), ‘गर्टी द डायनासोर’ (१९१४) आणि ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ (१९१८) यांच्यासह जे काही हाती लागते ते जवळजवळ सगळे या एका डिस्कवर आहे. त्याच्या फिल्मचे डबे न्यूयॉर्कजवळच्या एका गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पडून होते. त्यांतील बरीच फिल्म कुजून गेली आणि उरलेली पुढे मॉन्ट्रियलच्या सिनेमाटेककडे, म्हणजे तेथील चित्रपट संग्रहालयाकडे, सोपवली गेली. एवढ्या हालअपेष्टांतून आलेले साहित्य डागांशिवाय दिसेल अशी अपेक्षा मुळातच धरू नये.

‘गर्टी’ हे पारदर्शक सेल्युलॉइडची पद्धत रूढ होण्याआधीचे काम आहे. पार्श्वभूमी एकदाच काढायची आणि तिच्यावर पात्राचे पारदर्शक पत्रे ठेवायचे, या पद्धतीचे पेटंट अर्ल हर्ड या अमेरिकन कार्टूनकाराने नंतर घेतले. मॅकेला मात्र सुमारे दहा हजार कागदांवर गर्टीबरोबर डोंगर, खडक आणि तळेही पुन्हा पुन्हा काढावे लागले, आणि पार्श्वभूमी गिरवण्याचे ते चिकाटीचे काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण सहायकाने केले. त्याचा परिणाम पडद्यावर असा दिसतो की गर्टी स्वस्थ उभी असतानाही तिच्यामागचा डोंगर किंचित थरथरतो. रिमोटवरच्या एक-एक चौकट (फ्रेम) पुढे नेणाऱ्या बटणाने हा भाग पाहिला तर तळ्याच्या काठाची रेघ प्रत्येक चित्रात केसभर सरकलेली दिसते. कुठे हात जरा जड पडला आहे, कुठे रेघ खडकाला टेकण्याआधीच थांबली आहे. हा दोष फिल्मचा नव्हे. कागदावर कागद ठेवून बसलेल्या एका माणसाच्या हाताची ती खूण आहे, आणि माइलस्टोनच्या डिस्कवर ती जशीच्या तशी राहिली आहे.

हेच कार्टून मी आणखी एका स्वस्त संचात घेतले होते. त्या प्रकाशकाचे नाव येथे घेत नाही, पण तिथे घडलेला प्रकार सर्वच खरेदीदारांनी ओळखायला शिकला पाहिजे. ओरखडे काढणारी संगणकीय प्रणाली शेजारच्या चौकटींची तुलना करते आणि एकाच चौकटीत दिसून नाहीशी होणारी गोष्ट धूळ समजून पुसून टाकते. माणसांच्या चित्रपटात हे बऱ्याच अंशी चालून जाते. कार्टूनमध्ये मात्र घामाचा थेंब, आपटल्यावर उडणाऱ्या चांदण्या, धावताना मागे उमटणाऱ्या वेगाच्या रेषा या सर्व गोष्टी एक-दोन चौकटींपुरत्याच असतात, आणि पात्र जोरात हलले की त्याची बाह्यरेषाही दर चौकटीत नव्या जागी असते. त्या स्वस्त संचात डोंगर अगदी स्थिर झाला आहे, पण गर्टी मान वळवते तेव्हा मानेची रेघ मधेच तुटते आणि पुन्हा जुळते. ज्या हाताने ती काढली त्याने ती तोडलेली नाही, हे माइलस्टोनची प्रत शेजारी लावून चौकटीमागून चौकट पाहिली की लगेच कळते.

माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीत राहायला आला होता. गर्टी काहीच करत नाही अशा एका क्षणी तो पडद्याजवळ जाऊन म्हणाला, “मावशी, बघ ना, हिचं पोट हलतंय!” मॅकेने स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता आणि त्या हिशेबाने गर्टीच्या पोटाची चित्रे काढली होती. एकशे दहा वर्षांपूर्वी घेतलेला तो श्वास त्या मुलाला कोणी न सांगता दिसला, याचा मला फार आनंद झाला. स्वस्त संचात ती बारीक हालचाल जवळजवळ दिसतच नाही.

डिस्क निवडताना मूळ प्रत कोणती होती हे आधी पाहावे, असे मी आता सर्वांना सांगते. २०१३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९१२ ते १९२९ या काळातील तेथील पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटरच्या स्वरूपात उरले आहेत. कार्टूनची तर आणखीच आबाळ झाली, कारण ती मुख्य खेळाआधी दाखवायची किरकोळ भर मानली जात होती. त्यांतील कित्येक वाचली ती घरगुती प्रक्षेपकांमुळे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आणली, जिची छिद्रे दोन चौकटींच्या मधोमध असत. १९२३ साली ईस्टमन कोडॅकने १६ मिलिमीटरची, सहजी पेट न घेणारी फिल्म आणली आणि कोडास्कोपच्या संग्रहातून चित्रपट घरी भाड्याने मिळू लागले. चित्रगृहातील ज्वालाग्राही नायट्रेट प्रती जळाल्या, कुजल्या किंवा चांदीसाठी वितळवल्या गेल्या, आणि मुलांच्या वाढदिवसाला भिंतीवर दाखवलेल्या या छोट्या प्रती माळ्यावरच्या पेटाऱ्यांत शिल्लक राहिल्या. आज आपण घरी बसून जी कार्टून पाहतो त्यांतील पुष्कळशी अशी आधीच्याही घरांतून आली आहेत.

टॉमी होजे स्टाथेस या न्यूयॉर्कच्या संग्राहकाची ‘कार्टून रूट्स’ ही मालिका याच प्रकारातली आहे. ब्रे या अमेरिकन कार्टून स्टुडिओचे काम, अर्ल हर्डचा बॉबी बंप्स आणि त्याचा कुत्रा फिडो, अशी एरवी नुसती नावे ऐकून माहीत असलेली पात्रे तिच्यात भेटतात. १६ मिलिमीटरच्या प्रतीत करडे रंग कमी उरतात, पांढरे जास्त पांढरे आणि काळे जास्त काळे होते, कडाही थोड्या कापल्या जातात, हे मान्य करूनच पाहावे लागते. तरीही बॉबीच्या चित्रांतील शाईच्या रेघेचा जाड-बारीकपणा, लेखणी दाबली गेल्याची आणि उचलली गेल्याची जागा, हे सर्व स्पष्ट दिसते, आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

ऑस्वाल्ड सशाचा संच मला वापरलेला मिळाला. हा ‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ मालिकेतील पत्र्याच्या डबीतला, २००७ सालचा. डिस्नेने १९२७-२८ मध्ये युनिव्हर्सलसाठी ऑस्वाल्डची २६ कार्टून केली आणि हे पात्र हातचे गेल्यावर मिकी माउस काढला. २००६ साली ऑस्वाल्डचे हक्क पुन्हा डिस्नेकडे आले. संचात २६ पैकी १३ कार्टून आहेत, म्हणजे तेव्हा हाती होती तेवढी. त्यानंतर नॉर्वे, इंग्लंड आणि जपानमध्ये आणखी काही सापडली. ‘नेक अँड नेक’ची कथा मला विशेष आवडते. कोबे येथील एका अभ्यासकाने शाळकरी वयात ओसाकाच्या खेळण्यांच्या बाजारातून ५०० येनला घेतलेली १६ मिलिमीटरची छोटी प्रत तब्बल सत्तर वर्षे त्याच्या घरी होती, आणि ती ऑस्वाल्डची आहे हे २०१८ साली उघड झाले. जे या संचाला पूर्ण संग्रह समजून विकत घेतील त्यांची निराशा होईल, पण रॉबर्ट इस्रायल यांचे संगीत आणि छपाईचा दर्जा यांसाठी मी तो पुन्हा घेईन.

हे सगळे पाहताना मला आपल्याकडच्या दोन गोष्टी सतत आठवत राहतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचे चित्र घेतले आणि ‘अंकुराची वाढ’ तयार केली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या एक-एक चौकट हलवून नाचवल्या. मॅके आणि फाळके एकाच काळात, एकमेकांपासून हजारो मैल दूर, एका चौकटीचे मोल ओळखून काम करत होते. मॅकेची गर्टी माझ्या कपाटात आहे आणि फाळक्यांचा वाटाणा कुठेच नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली तेव्हा आपण आणखी किती गमावले याची हळहळ आजही जात नाही.

आता वेगाविषयी. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला १६ पासून २४ पर्यंत कितीही चौकटी असत, पण ब्लू-रे सामान्यतः २४ चौकटींनी चालते. प्रकाशकाने १८ चा वेग ठरवला की दर तिसरी चौकट दोनदा दाखवावी लागते, १६ ठरवला की दर दुसरी. चौकटी मोजत गेल्यास हे सहज ओळखता येते आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते युरोपीय पद्धतीच्या (सेकंदाला २५ चित्रांच्या) व्हिडिओवरून घाईने अमेरिकन पद्धतीची (सेकंदाला ३० चित्रांची) डीव्हीडी काढणे, कारण त्यात दोन चित्रे एकमेकांवर सांडतात आणि थांबवलेल्या चौकटीत पात्राला दोन नाके दिसतात. माझ्याकडच्या एका डिस्कवर हा दोष सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे.

लोट्टे रायनिगर या जर्मन चित्रकर्तीच्या ‘प्रिन्स अखमद’ या छायाकृतींच्या चित्रपटाची (१९२६) ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने काढलेली आवृत्ती या बाबतीत निर्दोष आहे. मूळ जर्मन निगेटिव्ह हरवल्यामुळे लंडनमध्ये जपलेल्या नायट्रेट प्रतीवरून फ्रँकफर्टच्या चित्रपट संग्रहालयाने हा जीर्णोद्धार करवून घेतला, आणि निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगछटाही त्या प्रतीप्रमाणे परत आणल्या. काळ्या कागदाच्या आणि शिशाच्या पत्र्याच्या त्या आकृत्यांची बोटे व दागिन्यांची नक्षी कात्रीने कापलेली आहे, आणि मोठ्या पडद्यावर कात्री जिथे वळली ती कड दिसते. वोल्फगांग त्सेलर यांचे मूळ संगीतही सोबत आहे. माझ्या संग्रहातील हीच एक डिस्क पाहुण्यांसमोर लावताना आधी काहीही समजावून सांगावे लागत नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी थोडक्यात. डिस्क आणि यंत्र एकाच विभागाचे नसेल तर डिस्क चालत नाही. भारतातील डीव्हीडी यंत्र विभाग ५ चे आणि ब्लू-रे यंत्र विभाग ‘सी’चे असते, तर अमेरिकेच्या डिस्क अनुक्रमे १ व ‘ए’ आणि ब्रिटनच्या २ व ‘बी’ असू शकतात. म्हणून सर्व विभाग चालणारे यंत्र आधी घ्यावे, डिस्क नंतर. छोटे प्रकाशक मागणीप्रमाणे डिस्क भरून देतात, कारखान्यात छापून नव्हे, आणि अशा डीव्हीडीची खालची बाजू जांभळट दिसते. अशी माझी एक डिस्क तिसऱ्या महिन्यात चाळिसाव्या मिनिटाला अडकू लागली. पत्र पाठवल्यावर प्रकाशकाने तक्रार न करता दुसरी दिली, पण ती हाती पडायला सहा आठवडे लागले. म्हणून अशी डिस्क आल्याबरोबर पहिल्या दिवशीच शेवटपर्यंत चालवून पाहावी. पावसाळ्यात सोबतच्या पुस्तिकांची गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात, असा अनुभव मला जुलैत आला. आता पुस्तिका डब्यांतून काढून वेगळ्या ठेवल्या आहेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत आणि डिस्क उभ्या लावलेल्या आहेत.

ज्यांना एकच डिस्क घ्यायची आहे त्यांनी मॅकेची घ्यावी. पहिल्यांदा ‘गर्टी’ सलग पाहावी, दुसऱ्यांदा मॅकेचे चरित्रकार जॉन केनमेकर यांच्या निवेदनासह पाहावी, आणि तिसऱ्यांदा आवाज बंद करून, रिमोट हातात घेऊन, फक्त मागचा डोंगर पाहावा.