भाड्याचे बीबीएफ यंत्र आणि हार्वेस्टर: आमच्या तालुक्यातील अवजार केंद्राचे परीक्षण

आमच्या तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजार भाडे केंद्रातून या हंगामात मी सोयाबीनच्या पेरणीसाठी बीबीएफ यंत्र (रुंद वरंबे व सऱ्या पाडत पेरणी करणारे) आणि काढणीसाठी हार्वेस्टर घेतला. भाडे, वेळ आणि चालकाचे कौशल्य यांविषयी पुढे लिहिलेच आहे. परंतु यंत्र गावात येते तेव्हा ते कोणाच्या हातचे काम घेते आणि त्या मोबदल्यात वावराला काय देते, हेही पाहिल्याशिवाय असे परीक्षण पुरे होत नाही, अशी माझी धारणा आहे.

केंद्राची मूळ कल्पना उत्तम आहे. चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याने वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या यंत्रात स्वतःचे भांडवल अडकवणे परवडत नाही. २०१४-१५ पासूनच्या केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून आणि पुढे २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून अशा केंद्रांना अनुदान मिळाल्यामुळे मोठ्या शेतकऱ्याच्या दारी उभी असणारी अवजारे आता लहान शेतकऱ्यालाही मिळू लागली आहेत. येथे नोंदणी साधी आहे, दरपत्रक भिंतीवर लावलेले आहे आणि पावती मिळते.

हार्वेस्टरने काम झपाट्याने केले. सोंगणी, गंजी लावणे, झाकणे आणि मग थ्रेशरची वाट पाहणे हा सारा व्याप एका दुपारी आटोपला, आणि मजुरी व मळणी यांच्या एकत्रित खर्चापेक्षा भाडे बरेच कमी पडले. परतीचा पाऊस डोक्यावर असताना शेंगा तडकण्याआधी माल घरात येणे किती मोलाचे असते, हे सोयाबीन पेरणाऱ्याला सांगायला नको. पण यंत्र गेल्यावर धांडे हातात घेऊन पाहिले, तेव्हा जमिनीलगतच्या शेंगा तशाच राहिलेल्या दिसल्या. दाण्यात फुटीचे प्रमाण जास्त होते. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने असा माल पुढच्या वर्षी घरचे बियाणे म्हणून वापरता येत नाही. कुटार वावरभर पसरले, त्यामुळे बैलांचे वैरण गेले. शिवाय सोयाबीनमध्ये तुरीची तासे असलेल्या भागात हार्वेस्टर शिरलाच नाही, म्हणून तो तुकडा मजुरांकडूनच सोंगावा लागला. पुढच्या वर्षी निव्वळ सोयाबीन पेरा, असा सल्ला चालकाने दिला. यंत्राच्या सोयीसाठी तूर सोडायची, तर सोयाबीन बुडाले तेव्हा घर तारणारे पीकच हातचे जाईल, म्हणून हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

याच ठिकाणी अर्थशास्त्रज्ञ डॅरॉन असेमोग्लू यांचे संशोधन उपयोगी पडते. पास्कुआल रेस्ट्रेपो यांच्यासह त्यांनी मांडले आहे की, प्रत्येक नवे तंत्र एकाच जातीचे नसते. काही तंत्रे माणसाचे काम घेतात, पण उत्पादकता एवढी वाढवतात किंवा इतकी नवी कामे निर्माण करतात की श्रमाची मागणी टिकून राहते. काही मात्र माणसाला बाजूला सारतात आणि उत्पादनात जेमतेमच भर घालतात. १९९० ते २००७ या काळातील अमेरिकेच्या आकडेवारीवरून त्यांना आढळले की, दर हजार कामगारांमागे एक यंत्रमानव वाढला की मजुरी सुमारे ०.४२ टक्क्याने घटते. सोयाबीनचे वावर म्हणजे मोटारींचा कारखाना नव्हे, पण प्रश्न तोच आहे. कृषी अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी १९७८ मध्ये दक्षिण आशियातील ट्रॅक्टरविषयीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उत्पादनवाढीचा पुरावा त्यांना क्षीणच आढळला. ट्रॅक्टरने मुख्यतः बैल आणि मजूर यांची जागा घेतली होती. ते ज्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करत होते, तिने १९७५ पासून आपल्या अकोला जिल्ह्यातील कानझरा आणि किनखेडा या गावांत घरोघरच्या मजुरीची नोंद ठेवली, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

या कसोटीवर हार्वेस्टर मध्यम ठरतो. त्याने वेळ वाचवला, पण धान्य वाढवले नाही. आणि सोंगणीवर अवलंबून असलेल्या गावातील बायांचा व मेळघाटातून येणाऱ्या टोळ्यांचा रोज मात्र गेला. कापूस वेचणीत त्यांना काम मिळते, कारण आपल्याकडे बोंडे एकदम फुटत नाहीत आणि तीन-चार वेचे हातानेच करावे लागतात. पण वेचणीचा भर दिवाळीच्या सुमारास येतो आणि मधले आठवडे रिकामे जातात.

बीबीएफ यंत्राविषयी मात्र मी मनापासून चांगले लिहीन. रुंद वरंब्यावर पेरा झाल्याने बियाणे कमी लागले, जुलैच्या झडीत जादा पाणी सऱ्यांतून निघून गेले आणि नंतरच्या उघाडीत ओल टिकली. निंदण बायांनीच केले, म्हणजे मजुरी गेली नाही आणि पीक उभे राहिले. एवढे असूनही केंद्रात असे यंत्र एकच आहे आणि मृग लागताच त्याच्यासाठी रांग लागते, तर हार्वेस्टर दोन आहेत.

ज्यांच्याकडे सलग सोयाबीन आहे आणि ज्यांना पावसाचे भय आहे, त्यांनी हार्वेस्टर जरूर घ्यावा, मात्र चालकाला कापणी खालून घ्यायला व ड्रमचे फेरे कमी ठेवायला आधीच सांगावे आणि बियाण्यापुरता तुकडा हातानेच सोंगावा. केंद्राच्या संचालकांना माझी विनंती आहे की, पुढचे अनुदान तिसऱ्या हार्वेस्टरवर न घालता दोन बीबीएफ यंत्रे आणि एक लहान मळणी यंत्र घ्यावे, आणि ते मळणी यंत्र चालवण्याचे काम गावातील बचत गटाच्या बायांना प्रशिक्षण देऊन सोपवावे.